गुणाकारी यादृच्छिक गोंगाट

काळानुसार बदलत जाणाऱ्या प्रणालीवर होणाऱ्या ज्या यादृच्छिक, म्हणजे आधी नेमके सांगता न येणाऱ्या, चढउतारांचा प्रभाव प्रणालीच्या त्या क्षणीच्या अवस्थेवर अवलंबून असतो, त्यांना गुणाकारी गोंगाट म्हणतात. समीकरणात हा गोंगाट अवस्था दर्शविणाऱ्या चलाला किंवा त्याच्या फलाला गुणून येतो, तर बेरजेचा गोंगाट अवस्थेचा विचार न करता नुसता मिळविला जातो. पॉल लांझव्हँ यांनी १९०८ मध्ये ब्राउनीय गतीसाठी मांडलेल्या समीकरणातील यादृच्छिक बल बेरजेचे आहे, कारण कणाचा वेग कितीही असला तरी रेणूंच्या धक्क्यांची तीव्रता तीच मानली जाते. याउलट दुष्काळ किंवा सुकाळ प्राण्यांच्या जन्म-मृत्युदरांतच फरक करतो, त्यामुळे घट वा वाढ मूळ संख्येच्या प्रमाणात होते.

असे चढउतार दीर्घकाळात एकमेकांना छेद देऊन नाहीसे होतात, ही अपेक्षा येथे फोल ठरते. एखाद्या जातीची संख्या चांगल्या वर्षी १.५ पट आणि वाईट वर्षी ०.६ पट होते व दोन्ही प्रकारची वर्षे सारख्याच संभाव्यतेने येतात असे मानल्यास सरासरी गुणक १.०५ येतो, म्हणजे वाढ दिसते. परंतु एक चांगले व एक वाईट वर्ष मिळून संख्या ०.९ पट होते आणि दीर्घकाळात ती जात जवळजवळ निश्चितपणे घटत जाते. सरासरी वाढते ती क्वचित घडणाऱ्या प्रचंड वाढींमुळे. रिचर्ड लेवॉन्टिन व डॅन कोहेन यांनी १९६९ मध्ये लोकसंख्यावाढीच्या संदर्भात हा भेद स्पष्ट केला. शेअरच्या किमतींसाठी वापरली जाणारी गुणोत्तरी ब्राउनीय गती, जी ब्लॅक व शोल्स यांच्या १९७३ च्या सूत्राच्या मुळाशी आहे, तीही याच प्रकारची आहे.

गोंगाटाचा गुणक अवस्थेबरोबर बदलत असल्याने, अतिसूक्ष्म कालखंडात त्याचे मूल्य कोणत्या क्षणीचे घ्यावे, हा प्रश्न उद्भवतो. कियोसी इतो यांच्या १९४४ च्या समाकलनात ते कालखंडाच्या आरंभीचे घेतले जाते, तर रुस्लान स्त्रातोनोविच यांच्या पद्धतीत मध्याचे. एकच समीकरण या दोन अर्थांनी वाचल्यास उत्तरे वेगळी येतात. म्हणून कोणती पद्धत घ्यायची हे प्रणालीचे स्वरूप पाहून ठरवावे लागते. संख्या पिढ्यांच्या टप्प्यांनी बदलत असेल तर बहुधा इतोंची पद्धत योग्य ठरते. प्रत्यक्षातील गोंगाटाला अल्पशी स्मृती असून तिची मर्यादा शून्याकडे नेली असेल, तर स्त्रातोनोविच यांची.

गुणाकारी गोंगाट प्रणालीचे स्वरूपही पालटू शकतो. मर्यादित साधनांत वाढणाऱ्या संख्येच्या व्हेरहुल्स्ट प्रतिमानात वाढीच्या दरात गोंगाट मिसळून त्याची तीव्रता एका मर्यादेपलीकडे नेल्यास, सरासरी परिस्थिती तीच राहूनही सर्वाधिक संभाव्य संख्या शून्याशी जाऊन ठेपते. वेर्नर होर्स्टहेम्के व रेने लेफेव्हर यांनी १९८४ च्या ग्रंथात अशा गोंगाटजन्य संक्रमणांचा पद्धतशीर अभ्यास मांडला.

हवामानाच्या अंदाजातही या संकल्पनेला स्थान मिळाले आहे. अंदाजाचे गणित ज्या जाळीवर मांडतात तिच्या चौकटींपेक्षा लहान असलेल्या ढगांसारख्या प्रक्रियांचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो. युरोपीय मध्यमपल्ला हवामान अंदाज केंद्राने १९९८ पासून अनेक संभाव्य अंदाज काढताना हे परिणाम यादृच्छिक गुणकांनी गुणण्यास सुरुवात केली. जिथे प्रक्रिया तीव्र तिथे अनिश्चितताही मोठी, ही वस्तुस्थिती अशा प्रतिमानात गुणाकारामुळेच उतरते, आणि अंदाजावर किती विसंबावे हेही त्यामुळे मोजता येते.