ॲल्युमिनियम इंजिन ब्लॉक

ॲल्युमिनियम इंजिन ब्लॉक म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून ओतलेला अंतर्ज्वलन इंजिनाचा मुख्य सांगाडा होय. पिस्टन ज्यांत वर-खाली होतात ते सिलिंडर, शीतलक व वंगणतेल वाहण्याचे मार्ग आणि बहुतेक रचनांत क्रँकशाफ्टचे आधार या सांगाड्यात असतात. पूर्वी ब्लॉक मुख्यतः बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत. वजन कमी करण्यासाठी मोटारी, दुचाकी आणि वेगवान नौका यांत ॲल्युमिनियमचा वापर वाढला. नौकेसाठी ब्लॉक निवडताना मात्र वजनाइतकाच पाण्याच्या खारेपणाचा आणि इंजिनावरील सततच्या भाराचा विचार करावा लागतो.

## गुणधर्म

ॲल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, तर बिडाची सुमारे ७.२ ग्रॅम असते. ॲल्युमिनियमची ताठरता कमी असल्याने भिंती व फासळ्या जाड ठेवाव्या लागतात. त्यामुळे पूर्ण ब्लॉकच्या वजनात घनतेच्या प्रमाणात घट होत नाही. तरीही तो समान आकाराच्या बिडाच्या ब्लॉकच्या साधारण निम्म्या वजनाचा होऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातू बिडाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतात. मात्र तापल्यावर त्यांचे प्रसरणही बिडाच्या जवळपास दुप्पट होते आणि उच्च तापमानाला त्यांचे बळ लवकर घटते.

पिस्टनच्या कड्यांचे घर्षण साधे ॲल्युमिनियम फार काळ सोसत नाही. म्हणून सिलिंडरात बिडाचे अस्तर, म्हणजे लायनर बसवतात किंवा आतील पृष्ठभागावर निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर चढवतात. भरपूर सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूत अस्तराविना सिलिंडर करण्याची तिसरी पद्धतही आहे.

## इतिहास

राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानातील इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूतून ओतलेला होता. शेव्हरोलेटने १९६९ साली 'झेडएल-१' हे पूर्णतः ॲल्युमिनियम ब्लॉकचे मोठे व्ही-८ इंजिन मोजक्या मोटारींत दिले. त्याच कंपनीच्या १९७१ सालच्या 'वेगा' या मोटारीत अधिक सिलिकॉनयुक्त मिश्रधातूचा अस्तरविरहित ब्लॉक होता. इंजिन अतितप्त होणे व सिलिंडर झिजणे या तक्रारींमुळे ही मोटार बदनाम झाली. धातू हलका असला तरी शीतन अपुरे पडल्यास तो टिकत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट झाले.

## ओतकामाच्या पद्धती

उच्चदाब डाय कास्टिंगमध्ये वितळलेला धातू पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात. ही पद्धत जलद व मोठ्या उत्पादनाला परवडणारी आहे. परंतु धातूत हवा अडकून सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. अशा भागांवर नेहमीची पूर्ण उष्णता-प्रक्रिया केल्यास पृष्ठभागावर फोड येतात. या दाबात वाळूचे गाभे सहसा टिकत नसल्याने सिलिंडरांभोवतीचा पाण्याचा कप्पा बहुधा वरून उघडा ठेवावा लागतो. गुरुत्व, अल्पदाब व वाळूसाच्यातील ओतकाम संथ असते; मात्र त्यात वरून बंद, अधिक ताठ ब्लॉक घडवता येतो आणि उष्णता-प्रक्रियेने त्याचे बळ वाढवता येते.

## वाळूज–बजाजनगर परिसर

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहत ही महाराष्ट्रातील वाहन व सुटे भाग उद्योगाची एक प्रमुख वसाहत आहे. बजाजनगर ही तेथील कामगारबहुल निवासी वस्ती होय. बजाज ऑटोच्या वाळूज प्रकल्पाचे उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. या परिसरात मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या क्षेत्रात काम करते.

हवेने थंड होणाऱ्या दुचाकीत ॲल्युमिनियम अतिशय सोयीचे ठरते. सिलिंडरावरील पंख्यांसारख्या पातळ पट्ट्या वाहत्या हवेला उष्णता देतात आणि वाहनाचे वजनही आटोक्यात राहते. दुचाकीभोवती वारा असतो, नौकेभोवती पाणी. त्यामुळे नौकेच्या इंजिनाची परीक्षा वेगळी असते.

## वेगवान नौकांसाठी निवड

वेगवान नौकेचा तळ विशिष्ट वेगानंतर पाण्यावर उचलला जातो. मागील भागातील इंजिन जितके हलके, तितका हा टप्पा लवकर गाठता येतो व नौकेचा तोल सुधारतो. नौकेबाहेर मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनांत ॲल्युमिनियम ब्लॉक सर्वसाधारण आहेत. कोकणातील यांत्रिक मच्छीमार नौकांना वेगापेक्षा दीर्घ टिकाऊपणा व सोपी दुरुस्ती महत्त्वाची असल्याने तेथे बिडाच्या ब्लॉकची डिझेल इंजिने प्रचलित आहेत.

'''सततचा भार.''' मोटारीला उतारावर विसावा मिळतो. नौकेला पाण्याचा रोध अखंड असतो आणि इंजिन दीर्घकाळ पूर्ण शक्तीजवळ चालते. म्हणून टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर लावायचा असल्यास वरून बंद कप्पा, भक्कम क्रँकशाफ्ट-आधार आणि बोल्टच्या आट्यांना पोलादी अस्तर असलेला ब्लॉक श्रेयस्कर ठरतो.

'''पाण्याचा खारेपणा.''' खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम व पोलाद, पितळ यांसारखे धातू एकमेकांशी जोडलेले असले की विद्युत-रासायनिक क्रिया घडून ॲल्युमिनियम झिजते. आउटबोर्ड इंजिने थेट बाहेरच्या पाण्याने थंड होत असली, तरी त्यांचे मिश्रधातू, लेप व ॲनोड त्यासाठीच योजलेले असतात. मोटारीसाठी घडवलेला ॲल्युमिनियम ब्लॉक नौकेत बसवताना मात्र बंदिस्त शीतनव्यवस्था आवश्यक मानली जाते. तीत ब्लॉकमध्ये क्षरणरोधकयुक्त शीतलक फिरते आणि समुद्राचे पाणी केवळ उष्णता-विनिमयकातून जाते.

'''ॲनोड.''' ब्लॉकऐवजी स्वतः झिजणारे ॲनोड वेळोवेळी बदलावे लागतात. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, तर गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे ॲनोड वापरतात. त्यामुळे पैठणच्या नाथसागरासारख्या गोड्या जलाशयात चालणारी नौका मालवणच्या समुद्रात न्यायची असल्यास ॲनोडचा धातू बदलणे आवश्यक ठरते.

'''दुरुस्ती.''' बिडाचे अस्तर असलेला सिलिंडर ठरावीक मर्यादेत मोठा करता येतो किंवा त्याचे अस्तर बदलता येते. कठीण थर चढवलेला सिलिंडर झिजल्यास विशेष प्रक्रियेची गरज पडते. इंजिन अतितप्त झाल्यास ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग वाकून हेड गॅस्केट गळू शकते. म्हणून जुना ब्लॉक घेताना वरच्या पृष्ठभागाची सपाटी, पाण्याच्या मार्गांतील खड्डे आणि भेगा तपासतात.

थोडक्यात, बंदिस्त शीतन व नियमित देखभाल शक्य असलेल्या, वेगाला प्राधान्य देणाऱ्या नौकेसाठी ॲल्युमिनियम ब्लॉक योग्य ठरतो. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून जाणार असेल किंवा दुरुस्तीची सोय दूर असेल, तर जड असूनही बिडाचा ब्लॉक अधिक भरवशाचा असतो.