पांढरीच्या पोटातील नगर

आपल्या जुन्या महसुली परिभाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहिली आणि पांढरी उंचावत गेली. प्रशासनाच्या लेखी ती गावठाणाची जमीन. पुरातत्त्वाच्या लेखी तो न उलगडलेला दप्तरखाना. अशा जागेवरील गृहनिर्माणाचा विचार निघाला की मला हटकून कोल्हापूरची ब्रह्मपुरी आठवते.

पंचगंगेच्या काठावरील या टेकाडावर १९४४ च्या सुमारास खोदाई होत असताना प्राचीन वस्तू हाती येऊ लागल्या. राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदनगार यांनी त्यांचे महत्त्व ओळखले. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. बहमनी काळाच्या थराखाली शिलाहारकालीन थर आणि त्याखाली सातवाहनकालीन विटांची घरे, असा त्या नगराचा क्रम त्यातून उलगडला. कुंदनगारांच्या संग्रहात तर समुद्रदेव पोसायडनची, हाताच्या पंजात मावेल एवढी कांस्यमूर्ती होती. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराचा हा पुरावा आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येतो.

मूर्ती वाचली, हे भाग्यच. परंतु थरांची नोंद न होता जी वस्तू बाहेर येते, ती आपली साक्ष गमावून बसते. ती कोणत्या घरात, कोणत्या नाण्याच्या वा खापराच्या सोबतीने पडली होती, हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

येथे कायद्याची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. हा कायदा मूल्यवान वस्तूसाठी आहे. ज्याला बाजारात मोल नाही, पण ज्यावरून काळ ठरतो, त्या खापरासाठी नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात २०१० मध्ये सुधारणा होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरले. मात्र जे टेकाड संरक्षित म्हणून घोषितच झालेले नाही, त्याला या कुंपणाचा काय उपयोग?

इंग्लंडमध्ये १९९० च्या शासकीय मार्गदर्शिकेने बांधकामाच्या परवानगीपूर्वीच पुरातत्त्वीय मूल्यमापनाची प्रथा रुजवली. फ्रान्सने २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तत्त्व साधे आहे : जो जमीन उकरतो, त्याने आधी ती तपासण्याचा खर्च सोसावा.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. छत्तीसगडमधील नंदिनी नगर ही भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडी खाणीसाठी वसलेली वसाहत. अशा औद्योगिक वसाहती पाहताना वाटते की येथील इतिहास कारखान्यापासूनच सुरू झाला. पण त्याच दुर्ग जिल्ह्यात, खारून नदीकाठी तरीघाट येथे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात प्राचीन नगराचे अवशेष मिळाले आहेत. नव्या वस्तीच्या आराखड्यावर जमीन कोरी दिसते, एवढ्यावरून ती कोरी ठरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गळक्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला सातवाहनांच्या विटांसाठी आणखी दोन पावसाळे थांबा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? म्हणूनच तपासणी काम सुरू झाल्यावर नव्हे, तर प्रस्ताव तयार होतानाच व्हावी असे माझे मत आहे. जुन्या गावठाणाची स्थळपाहणी, दोन-चार चाचणी खड्डे, ठरावीक मुदत आणि अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद, एवढे केले तरी काम थांबविण्याची वेळ क्वचितच येईल. पायाच्या खड्ड्यात विटांची भिंत दिसली की कंत्राटदार ती रातोरात बुजवितो, ते इतिहासाच्या द्वेषापोटी नव्हे, तर काम बंद पडण्याच्या भीतीपोटी. ही भीती दूर करणे प्रशासनाच्या हाती आहे.

घर पुन्हा बांधता येते. उकरलेला थर मात्र पुन्हा रचता येत नाही. मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानी ठेवावा.