राखणीला बसवलेली पोरं

१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने तीन माणसं मारली. दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक. कांदिवलीहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघालेली ही माणसं टाळेबंदीमुळे महामार्ग सोडून आडवाटेने आली होती. दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ वनखात्याच्या चौकीवर गाडी अडली, गर्दी जमली, पोलीस आले आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांचा जीव गेला. पोलिसाचा आधार धरून बाहेर आलेल्या, त्या दोघांतल्या वृद्ध साधूंचा चेहरा ज्याने चित्रफितीत पाहिला, त्याला तो विसरता येणार नाही. मलाही आलेला नाही. पुढे जे लिहितो आहे ते त्या चेहऱ्याला साक्षी ठेवून. हिंसेचं कारण शोधणं म्हणजे तिला माफी देणं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी हे आधीच सांगून ठेवतो. आणि त्या रात्री कोणी काय केलं, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. मी त्यात पडत नाही.

मला बोलायचं आहे ते त्या रात्रीनंतर पक्क्या झालेल्या एका मताबद्दल. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर तो असा: डहाणू-तलासरीचा आदिवासी तरुण मुळात तापट. शिक्षण कमी, दारू जास्त, भगताच्या शब्दावर भरवसा. अफवा आली की विचार बाजूला राहतो आणि हात काठीकडे जातो. या मताची एक मवाळ आवृत्तीही आहे. ती म्हणते, पोरं बिचारी भोळी. त्यांना कोणीतरी फूस लावली. कोणी लावली, याची उत्तरं ज्याच्या त्याच्या राजकारणाप्रमाणे बदलतात. दोन्ही आवृत्त्या एकाच गृहीतावर उभ्या आहेत, ते म्हणजे या तरुणाला स्वतःचं असं कारण नसतं. एकीत तो स्वभावाचा गुलाम, दुसरीत दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं.

या मताला विद्वानांचाही आधार मिळालेला आहे. वुल्फगँग आणि फेराकुटी या दोन अभ्यासकांनी १९६७ मध्ये 'हिंसेच्या उपसंस्कृती'चा सिद्धांत मांडला. काही समूहांची मूल्यंच अशी असतात की तिथे हिंसा ही अपेक्षित वागणूक ठरते, असा त्याचा आशय. मूळ मांडणी बरीच काळजीपूर्वक होती. आपल्याकडच्या दिवाणखान्यात ती पोचली तेव्हा मात्र तिचं 'ती जमातच तशी' एवढंच उरलं.

कारण खरं की खोटं, हे तपासायची आपल्या परंपरेतली जुनी रीत अन्वय-व्यतिरेकाची. जिथे कारण तिथे कार्य दिसलं पाहिजे आणि कारण नसेल तिथे कार्यही नसलं पाहिजे. लावून पाहू.

जुलै २०१८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ मुलं पळवणारे समजून जमावाने मोटारीतल्या तरुणांवर हल्ला केला आणि त्यांतला एक, संगणक अभियंता, मारला गेला. मुरकी आदिवासी पट्ट्यात नाही. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना त्याच संशयावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं गेलं. तो भाग आदिवासी आहे, हे खरं. पण त्या वर्षी अफवेचं हे वेड देशात जिथे जिथे गेलं, तिथे जात, भाषा, धर्म काहीच समान नव्हतं. समान होती ती रात्रीची भीती आणि गर्दीत पुढे असलेले तरुण पुरुष. म्हणजे जमात हे कारण धरलं तर अव्याप्ती होते: ते कारण नाही तिथेही कार्य दिसतं.

मग गरिबी कारण म्हणावी? तर गरिबीत बाई पुरुषाच्या दोन पावलं पुढे असते. वीटभट्टीवर हजार विटांमागची मजुरी जोडप्याची मिळून ठरते, हिशेब नवऱ्याशी होतो, उचल त्याच्या हातात पडते. चिखल तुडवणारी, पोराला झोळीत टाकून विटा उचलणारी ती. आणि तिच्या नावावर काहीच नाही. गरिबीनेच काठी उचलली जात असती, तर सर्वांत आधी तिने उचलली असती. अडाणीपणाचंही तेच. उलट पुरुषपण हेच एकटं कारण म्हणावं, तर दक्षिण मुंबईतला पोरगा आणि तलासरीतला पोरगा सारखेच वागायला हवेत. तसंही दिसत नाही. निदान त्यांची हिंसा एकाच जागी, एकाच रूपात उमटत नाही आणि एकाच पोलीस ठाण्यात नोंदली जात नाही.

किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकी कायदेपंडित बाईंनी १९८९ मध्ये एक गोष्ट ठासून सांगितली. कृष्णवर्णी स्त्रीवरचा अन्याय 'वर्ण' आणि 'लिंग' अशा दोन खात्यांत वेगवेगळा मांडला की तो दोन्ही खात्यांतून निसटतो. त्यांनी हे अन्याय सोसणाऱ्या स्त्रीबद्दल लिहिलं. हिंसा करणाऱ्या किंवा हिंसेचा आरोप झालेल्या तरुण पुरुषालाही ते लागू पडतं, असं माझं म्हणणं आहे. जमात, वर्ग आणि पुरुषपण हे दोरीचे तीन पेड आहेत. पेड सुटे करून पाहिलेत तर हातात नुसता काथ्या येतो. पीळ कुठे बसला ते कळत नाही. डहाणू-तलासरीत हा पीळ कसा बसला, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल.

या भागात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. वारली या इथल्या आदिवासी जमातीत हुंडा नाही, देज आहे. नवरीच्या बापाला द्यायचं ते नवऱ्याने द्यायचं. देज आणि लग्नाचा खर्च यासाठी तरुण जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या बदल्यात त्याचा गडी होई. कर्ज फिटत नसे, फिटू दिलं जात नसे. त्याच्यासोबत त्याची बायकोही जमीनदाराच्या घरी राबायला बांधली जाई. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या आपल्या अहवालात वेठबिगारीबद्दल लिहिलं, आणि कुळांच्या बायकांवर जमीनदार आपला हक्क समजत होते हेही लिहिलं. लिहिणारा सरकारी अधिकारी होता, चळवळीतला कार्यकर्ता नव्हे. म्हणजे वारली तरुणाने ज्या दिवशी 'पुरुष' व्हायचं, त्याच दिवशी त्याने स्वतःला विकायचं, आणि ज्या बाईसाठी विकलं तिचं रक्षण करणंही त्याच्या हाती उरायचं नाही. इथे जमात कुठे संपते, वर्ग कुठे सुरू होतो आणि पुरुषपण कुठे, हे कोणी मला दाखवून द्यावं.

आता व्यतिरेक. १९४५ मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वात हेच लोक उठले. वेठ बंद, लग्नगडी मोकळे, गवतकापणीला ठरावीक मजुरी. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला एक अफवाच सोडण्यात आली. परुळेकरांच्या बाजूने नोंदलेली हकीकत अशी की, जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत सांगितलं, गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्यावर हल्ला होणार आहे, काठ्या घेऊन या. पोलिसांना सांगितलं, वारली हत्यारं घेऊन जमलेत. १० ऑक्टोबरला हजारो माणसं जमली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले.

हेच लोक, हीच वयं, हातात काठ्या, रात्रभर पसरलेली अफवा, समोर आपली माणसं पडलेली. 'तापट जमात' हा सिद्धांत खरा असता तर त्या दिवशी तलवाड्याला काय व्हायला हवं होतं? ते झालं नाही. जमाव पोलिसांवर तुटून पडला नाही. त्या चळवळीत कुठेच कोणावर हात उचलला गेला नाही, असं मी म्हणत नाही. दोन वर्षांच्या झगड्यात तसे प्रसंग आले. पण गोळ्या झेलूनही हजारोंनी हात आवरल्याचं उदाहरण ज्यांच्या नावावर आहे, त्यांना स्वभावानेच हिंसक म्हणायला फार मोठं अज्ञान लागतं.

तलवाड्याला जे होतं आणि गडचिंचल्याला जे नव्हतं, ते कोणतं? माझं उत्तर: १९४५ ने तरुणाला पुरुष असण्याचा दुसरा अर्थ दिला होता. वेठीला नाही म्हणणं, संपात टिकणं, हे मर्दपणाचं काम झालं होतं. आणि त्या कामात बायका शेजारी उभ्या होत्या, पुढारीच बाई होती. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहून ठेवलं.

आक्षेप येईल की संघटना तर आजही आहेत, लाल बावटा आहे, आदिवासी गावांना स्वशासन देणारा पेसा कायदा आहे, मग २०२० मध्ये ते का घडलं? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच आजच्या तरुणाच्या वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. २०११ च्या जनगणनेत तलासरीत दहांतले नऊ आणि डहाणूत दहांतले जवळजवळ सात जण अनुसूचित जमातीचे. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या, त्यांचे मालक बहुतेक बिगरआदिवासी. पल्याड उंबरगाव, सरीगाम, वापीचे कारखाने, तिथे ठेकेदाराचं काम. भात कापून झालं की मुकादम उचल घेऊन येतो आणि पाडा भट्ट्यांकडे निघतो. तरुण खलाशी होऊन सौराष्ट्रातल्या बोटींवर जातात. कित्येक जण सागरी हद्दीच्या भांडणात पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून आलेत. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी तशीच एकत्र राहतात आणि लग्न पुढे, कधी मुलं झाल्यावर, सामूहिक सोहळ्यात लागतं. जमीन वनखात्याची की आपली, हा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही बऱ्याच घरांत सुटलेला नाही. जमीन, मिळकत, लग्न: गावात ज्याला पुरुष म्हणतात तो ज्या तीन गोष्टींनी होतो, त्या तिन्ही दुसऱ्याच्या हातात.

उरते राखण. राखण तो लहानपणापासून करतो आहे. शेठच्या गवताची राखण, वाडीवरच्या चिकूची राखण, कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीची राखण. सगळी परक्याच्या मालाची. एप्रिल २०२० मध्ये पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या गावाची राखण मिळाली. एरवी एप्रिलात निम्मी तरुण माणसं बोटींवर आणि भट्ट्यांवर असतात. त्या वर्षी कामं बंद पडली, जो पोचू शकला तो घरी आला, मजुरी बुडालेली. चोर फिरताहेत, अवयव काढून नेणारे फिरताहेत, असं मोबाइलवर येत होतं. साऱ्या महाराष्ट्रात गावोगाव रस्त्यावर दगड-काटे टाकून गावबंदी चालली होती आणि शहरातले लोक तिचं कौतुक करत होते. हेही आठवायला हवं. गडचिंचल्याच्या आधी दोनच दिवस याच तालुक्यात सारणी गावाजवळ मदत घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर हल्ला झाला होता. इशारा मिळाला होता.

गडचिंचल्याची सरपंच बाई होती. आपण गर्दीला थोपवायचा प्रयत्न केला, लोक ऐकेनात, असं तिने पुढे पत्रकारांना सांगितलं. खुर्ची तिला मिळाली होती. रात्रीच्या पहाऱ्यावर तिचा शब्द चालत नव्हता. पहारा हा पुरुषांचा कारभार. ज्या समाजात लग्न लावायला धवलेरी ही बाई लागते, बाईला नवरा सोडता येतो, त्याच समाजात भुताळी ठरवून छळायलाही बाईच सापडते. म्हणून 'आदिवासींत स्त्री-पुरुष समान' हे गोड वाक्यही मला मान्य नाही. भुताळीच्या मागे लागणारा तरुणही 'गाव राखतो' आहे, असंच स्वतःला सांगत असतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भगताला पकडतो. या राखणदारापर्यंत तो प्रत्यक्षात अजून फारसा पोचलेला नाही.

गडचिंचल्याच्या पहिल्या धरपकडीत ११० जण ताब्यात आले, त्यांत नऊ जण अठरा वर्षांखालचे. बाकीचे पुरुष रानात पळाले, पाड्यांत बायका आणि म्हातारी माणसं उरली. आरोपींच्या नावांत धर्म शोधला गेला. १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत मुसलमान नाही, असं राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. या नावांचे लोक काय काम करतात, एप्रिलात घरी कसे होते, हे फार थोड्यांनी विचारलं.

त्या नऊ जणांच्या वयाचीच गोष्ट घ्या. मूल भट्टीवर किंवा झापात जन्मलेलं असलं की शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख टाकतात. महाराष्ट्रात अशा १ जूनवाल्यांची गणती नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर जघन्य गुन्ह्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं, आणि त्यावरून तो प्रौढासारखा खटल्याला जाईल की नाही ते ठरतं. म्हणजे ज्या तारखेवर त्याचं पुढचं आयुष्य उभं, ती बहुतेकदा गुरुजींच्या सोयीची तारीख. याच मूल्यांकनात कायदा मुलाची क्षमता आणि समज यांच्याबरोबर, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हेही विचारायला सांगतो. परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा तो याचसाठी. त्या रकान्यात 'कुटुंब अशिक्षित, वडील व्यसनी' एवढं लिहून पान उलटता येतं. किंवा विचारता येतं: मुलगा त्या आठवड्यात कामावरून परत कसा आला, मजुरी किती बुडाली, उचल कोणाच्या नावावर होती, पहाऱ्याची पाळी कोणी लावली, ती लावताना घरातल्या बाईला कोणी विचारलं का, आणि काठी त्याच्या हातात दिली कोणी.