एम्युलेटर : संगणकातला मोबाइल

मोबाइलचे प्रोग्रॅम तयार करण्यासाठी लागणाऱ्या साधनांच्या संचास 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट' अर्थात 'एसडीके' म्हणतात. त्यातील एम्युलेटर संगणकाच्या पडद्यावर मोबाइलची हुबेहूब नक्कल उभी करतो. गुगलने अँड्रॉइडचा एसडीके नोव्हेंबर २००७ मध्ये खुला केला; पहिला अँड्रॉइड फोन मात्र ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आला. मधल्या काळात फोन हाती नसतानाही प्रोग्रॅम लिहिले गेले, ते एम्युलेटरच्या आधारे.

पुण्यात बसून एम्युलेटरला शिरवळचे अक्षांश-रेखांश दिले, की नकाशाचा प्रोग्रॅम आपण नीरेकाठी आहोत असेच समजतो. मात्र भर उन्हात पडदा दिसतो का, प्रवासात बॅटरी किती वेगाने उतरते, हे त्यातून उमगत नाही. म्हणूनच अखेरची चाचणी प्रत्यक्ष फोनवरच घेणे आवश्यक ठरते.