कोयता गुजरातेत, शेत नफ्याने

मंडळी, कूळकायदा म्हटलं की आपल्याला 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आठवतो. त्या चित्रात जमीन देणारा मोठा आणि कसणारा लहान. आज आपण नंदुरबार जिल्ह्याकडे बघू, कारण तिथं हे चित्र बऱ्याचदा उलटं दिसतं. शेत दोन-तीन एकरांच्या भिल्ल कुटुंबाचं. ते निम्मे बटाईनं किंवा नफ्यानं, म्हणजे वर्षाची रोख रक्कम ठरवून, करणारा मात्र विहीर-मोटारवाला बागायतदार. मालक कुठे? बारडोलीकडच्या उसात, कोयता घेऊन. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात तिथल्या ऊसतोड्यांचा अभ्यास केला, तेव्हाही खानदेशच्या टोळ्या तिथं होत्याच.

असं का होतं? पैसा हे एक उत्तर. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते, ती फेडायला जावंच लागतं. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पंचांग. ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. धडगावच्या डोंगरात पावसावरची खरीप शेती. पीक काढून माणूस निघतो, पेरणीला परत येतो. शेत दुसऱ्याला देण्याची गरज फारशी पडत नाही. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत मात्र ऊस, केळी, पपई. त्यांना बारमाही पाणी लागतं, रात्री वीज आली की उठावं लागतं, राखण लागते. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. घरी उरतात म्हातारी माणसं. म्हणजे बघा, जमीन जितकी चांगली तितकी ती मालकाच्या हाताखालून निसटायची शक्यता जास्त!

इथं जमिनीचा प्रश्न जुनाच. जमीन सावकाराकडे गहाण पडायची आणि मूळ मालक कुणाच्या तरी शेतावर सालदार व्हायचा. त्याविरुद्ध 1972 च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं शहादा परिसर ढवळून काढला. 1974 साली महसूल कायद्यात कलम 36 अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी.

हा कायदा हवाच होता, आमच्या मनात शंका नाही. पण परवानगीच्या खटपटीत पडतंय कोण? त्यात घेणाऱ्याला कायद्याचा धाक, देणाऱ्याला कूळ लागायची भीती. मग व्यवहार तोंडीच. सातबारा मालकाच्या नावावर राहतो, पण नफ्याचे पैसे अडकले तर दाखवायला कागद नाही.

उन्हाळ्यात टोळी परत येते तेव्हा उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत लिहिलेला असतो. शेताचा हिशेब ओट्यावर बसून, आठवणीवर. आणि पपई काही एका हंगामात उरकत नाही, त्यामुळे बहुतेकदा ठरतं, ‘अजून एक वर्ष राहू दे’.