नुंगंबाक्कमची गच्ची

आमचं घर नुंगंबाक्कमच्या लेक एरियात होतं. नावात लेक असलं तरी तळं केव्हाच बुजलेलं. बाबांची बदली १९८१ साली मद्रासला झाली, तेव्हा घरमालकांनी सांगितलं, की पावसाळ्यात तळं आपली जागा परत मागायला येतं; आणि तसं ते दर नोव्हेंबरात जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत यायचं. घर दोनमजली होतं आणि वर गच्ची होती. आमच्या घरातल्या टीव्हीचा सगळा इतिहास त्या गच्चीवर घडला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आकाशाकडे कान लावून बसायची या वस्तीला जुनी सवय आहे. कॉलेज रोडवर आज हवामान खात्याचं कार्यालय आहे. त्याच आवारात ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. तिचा दगडी खांब अजून तिथं आहे. इथं ठरलेली मद्रास वेळ पुढं हिंदुस्थानातल्या रेल्वेनं पाळली. याच वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी १८६१ मध्ये एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचं नाव ठेवलं 'एशिया'. एकशेतीस वर्षांनी त्याच मोहल्ल्यातल्या गच्च्यांवरच्या तबकड्या 'एशियासॅट' नावाच्या दुसऱ्या एका एशियाकडे तोंड करून बसणार होत्या. पण ते पुढं.

मद्रास दूरदर्शन १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालं. आम्ही आलो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी 'ओलियुम ओलियुम' लागलं, की रस्ते ओस पडायचे. आईला तमिळचं अक्षर येत नव्हतं. मुंबईत 'गजरा' बघून आलेली, चिमणराव-गुंड्याभाऊंवर पोट धरून हसलेली ती बाई तिथल्या मामींच्या दिवाणखान्यात गाणी बघत गप्प बसून राहायची. वरच्या मजल्यावर आम्ही, खालच्या मजल्यावर मामी. घरमालकीणबाईंना सगळी गल्लीच मामी म्हणायची, त्यामुळे आईही म्हणू लागली.

गच्चीवरचा पहिला परका पाहुणा अमेरिकेचा नव्हता, लंकेचा होता. श्रीलंकेचं 'रूपवाहिनी' फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झालं. त्याचं प्रक्षेपण पिदुरुतलागला या त्या देशातल्या सर्वांत उंच डोंगरावरून व्हायचं. तिथून मद्रास सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब टीव्हीच्या लहरी पोचायला नकोत, कारण पृथ्वी गोल आहे आणि त्या लहरी सरळ जातात. पण समुद्रावर कधी कधी खाली दमट गार हवा आणि तिच्यावर कोरडी उबदार हवा असे थर बसतात, आणि लहरी त्या थराखालून नळीतून गेल्यासारख्या वाकून दूरवर जातात. वारा पडलेल्या रात्री चित्र स्वच्छ, दुसऱ्या दिवशी नुसत्या मुंग्या. मद्रासमध्ये लोकांनी त्यासाठी उंच लोखंडी नळ्यांवर अँटेना चढवले, खाली बूस्टर लावले. मामांनीही, म्हणजे घरमालकांनीही, एक उभारला. एकजण वर अँटेना फिरवणार, दुसरा जिन्यात उभा राहून ओरडणार, तिसरा टीव्हीसमोर. मधला माणूस बहुधा मी असायचो. माझं पहिलं अस्खलित तमिळ वाक्य 'अजून थोडा डावीकडे' हे होतं.

त्या बेटावर टीव्ही येण्याआधी टीव्ही बघणारा एक गृहस्थ होता, हे मला फार नंतर कळलं. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारताला उसना मिळाला होता. 'साइट' नावाच्या त्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत जाळीच्या तबकड्या लावून शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता आणि तमिळनाडूही नव्हता. पण कोलंबोत राहणाऱ्या आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी इस्रोच्या लोकांनी एक तबकडी बसवून दिली होती. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना १९४५ मध्ये मांडणाऱ्या लेखकाला ही भेट. उपग्रहाचा झोत देशाची सीमा ओळखत नाही. तो खाली पसरतो तो सांडतोच. कॅरिबियन बेटांवर त्याच सुमारास हे मोठ्या प्रमाणावर घडत होतं. अमेरिकेतल्या घरांसाठी, तिथल्या केबल कंपन्यांसाठी वर सोडलेले कार्यक्रम बेटांवरचे लोक भल्यामोठ्या तबकड्यांत झेलत होते. १९८६ मध्ये एचबीओनं आपलं प्रक्षेपण सांकेतिक करून टाकलं आणि फुकटच्या पाहुण्यांना दार बंद होऊ लागलं. ज्यांच्यासाठी सोडलेलं नाही त्यांनी ते बघायचं, आणि आपल्याविषयी त्यात काहीच नाही याची हळूहळू सवय करून घ्यायची, हा अनुभव त्या बेटांचा आणि आमच्या गच्चीचा सारखाच असावा.

आता एशियासॅट. या उपग्रहाचा पूर्वजन्म अमेरिकन आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत 'चॅलेंजर' यानातून तो वेस्टार-६ या नावानं सोडला गेला, पण त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरात 'डिस्कव्हरी'तल्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरून परत आणला. डागडुजी होऊन हाँगकाँगच्या कंपनीला विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणावर बसून पुन्हा वर गेला. जुन्या बाजारातली मोटार रंग देऊन परत रस्त्यावर आणावी, तसा प्रकार. आखाती युद्धाच्या वेळी मुंबई-दिल्लीतल्या बड्या हॉटेलांत लोकांनी सीएनएन पाहिलं होतं. १९९१ मध्ये याच डागडुजी केलेल्या उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झाला, आणि हॉटेलात होतं ते गल्लीत आलं.

आमच्या गल्लीत ते १९९२ मध्ये आलं. एका केबलवाल्यानं जवळच्या गच्चीवर बारा फुटी तबकडी बसवली आणि काळी वायर नारळाच्या झाडांवरून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून, कुणाच्या खिडकीच्या गजातून घराघरांत नेली. महिना शंभर रुपये. 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' आईनं आणि मामींनी एकत्र पाहिलं. दोघींनाही इंग्रजी बेताचंच. कोण कुणाची बायको आणि आता कुणाची, याचा खुलासा मोडक्या तमिळमध्ये एकमेकींना करायच्या. आईचं तमिळ खरं तर त्या अमेरिकन मालिकेनं सुधारलं. हे मी विनोदानं सांगत नाही.

मग १९९३ चा सप्टेंबर. अनंत चतुर्दशीची रात्र उलटली आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आईचं माहेर औसा तालुक्यातलं. सकाळी रेडिओवर लातूर, उस्मानाबाद एवढंच कळलं. फोन लागेना, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये बाबा दोन तास उभे होते. दुपारी केबलवर बीबीसी लावलं. पडद्यावर दगडांचे ढीग होते, मातीतून वर आलेली तुळई होती. निवेदक लातूरचा उच्चार काहीतरी निराळाच करत होता. आई पडद्याजवळ जाऊन बसली. "हे माळवद आहे," ती म्हणाली. "आपल्याकडची घरं आहेत ही." दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि हातभर मातीचं धाब्याचं छत. उन्हाळ्यात गार राहणारं ते छत झोपेतल्या माणसांवर आलं, म्हणून मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. पण हे बीबीसीला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि आईला छत ओळखून काय उपयोग? तिला गावांची नावं हवी होती.

मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्यांत ती नावं त्या संध्याकाळी नक्की सांगितली गेली असतील. पण त्या बातम्या महाराष्ट्रातल्या मनोऱ्यांवरून जात होत्या, नुंगंबाक्कमला येत नव्हत्या. लंडन येत होतं, हाँगकाँग येत होतं. शेवटी नावं मिळाली ती मामींकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या 'दिनतंती' घेऊन वर आल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून एकेक नाव वाचू लागल्या. तमिळ लिपीत क आणि ग, त आणि द यांना वेगळी अक्षरं नाहीत. मामींनी एक नाव वाचलं; आई म्हणाली, "तळणी की दळणी?" मामींना कळेना ती काय विचारते आहे. त्या परत तेच वाचायच्या, आई परत तेच विचारायची. शेवटी मामींनी पेपर ओट्यावर ठेवला आणि आईचा हात धरला. तिसऱ्या दिवशी सोलापूरहून एका ओळखीच्यांचा फोन आला. मामा वाचला होता, चुलती गेली होती.

त्यानंतर मराठी टीव्ही लागावा म्हणून आईनं जो ध्यास घेतला, त्याला मी तेव्हा हट्ट म्हणायचो. दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ मध्ये उपग्रहावर आली. भूकंपानंतर एका वर्षानं. पुढं २००० मध्ये तिचं नाव सह्याद्री झालं. १९९९ च्या ऑगस्टात अल्फा मराठी सुरू झाली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. सगळ्या आमच्या डोक्यावरून जात होत्या. इन्सॅटचे उपग्रह ८३ आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशांवर, चेन्नई ८०.२५ वर, म्हणजे इथल्या तबकड्या जवळजवळ आभाळाकडे तोंड करून परातीसारख्या आडव्या पडलेल्या असत. पावसाचं पाणी साचायचं आणि कावळे प्यायला यायचे. केबलवाला म्हणायचा, अम्मा, या भागात तुमची चार घरं, चार घरांसाठी एक रिसीव्हर कोण लावणार? हिशेब म्हणून तो बरोबरच होता. तिकडे सावकारपेठेत विटा-खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची वस्ती दाट, तिथल्या केबलवर मराठी दिसायचं. आई तिथं एका ओळखीच्यांकडे दोनदा रिक्षानं जाऊन बातम्या बघून आली.

आमच्या ओळखीत एक तंजावरी मराठी आजोबा होते. देवनागरी वाचता न येणारे, पण घरात तीनशे वर्षांपूर्वी आणलेली मराठी बोलणारे. त्यांना आईची ही धडपड समजायची नाही. भाषा वरून कशाला यायला हवी, असं त्यांचं मत. आई घरी आल्यावर म्हणाली, "त्यांचं कुणी तिकडं राहिलेलं नाही ना."

१ सप्टेंबर २००३ पासून चेन्नईत सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली. बाकीच्या महानगरांत ती तेव्हा बारगळली, इथं टिकली; केबलवाल्याशी बोलणीही संपली. मग डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची छोट्या तबकडीची मोफत सेवा आली आणि तिच्यात सह्याद्री होती. २००५ च्या पोंगलला बाबांनी गच्चीवर तबकडी बसवली. वायर धरून जिन्यात उभा राहायला आता मी चाळिशीकडे झुकलेला.

आईनं आठवडाभर सगळं पाहिलं. मग नुसत्या बातम्या. नाट्यगीतं लागली तर थांबायची. मालिकांतली मराठी तिला ओळखीची वाटेना, कुणी असं बोलतं का, म्हणायची. रात्री ती खाली मामींकडे जायची. सन टीव्हीवर 'मेट्टी ओली' चालू होती, आणि पाच बहिणींपैकी कुणाचं काय होणार यावर दोघींचं एकमत होत नव्हतं. संध्याकाळच्या बातम्या मात्र तिनं शेवटपर्यंत चुकवल्या नाहीत. आवाज मोठा ठेवून, हात पदराला पुसत ती उभ्यानंच ऐकायची. औशाचं नाव क्वचितच यायचं. लातूरचं पावसाचं, नाहीतर पाण्याच्या टंचाईचं काही आलं, की ते ऐकून झाल्यावर ती टीव्ही बंद करायची आणि खाली जायची.

घर पाडून आता तिथं चारमजली इमारत झाली आहे. मामींच्या मुलानं पाडताना फोन केला होता, गच्चीवरची तबकडी तुमची ना, ठेवू का? मी भंगारात द्या म्हणालो.