निर्वंश योद्ध्यांची जहागीर

होसकोटे म्हणजे कानडीत नवा कोट. बंगळूराहून कोलारकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा कोट सुगटूरच्या तम्मेगौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारला. पुढे १६३८ च्या सुमारास विजापूरकरांनी बंगळूर, कोलार यांबरोबर तो शहाजीराजांच्या जहागिरीत दिला. शहाजीराजांच्या पश्चात कर्नाटकातील या दौलतीच्या वाटणीवरून शिवाजीमहाराज आणि व्यंकोजीराजे या बंधूंत जो कलह झाला, तो मराठी माणसास परिचित आहे. तलवारीला जमीन मिळाली की वारस येतात, आणि वारसांमागून वाटणी येते.

हा वारसाचा प्रश्नच मुळातून छाटून टाकण्याचा एक विलक्षण प्रयोग पश्चिमेकडे फार पूर्वी होऊन गेला होता. ख्रिस्ती फौजांनी १०९९ साली जेरुसलेम जिंकले. परंतु तेथे जाणारे यात्रेकरू वाटेतच लुटले व मारले जात. त्यांच्या रक्षणासाठी ह्यूग द पायें या फ्रेंच सरदाराने १११९ च्या सुमारास काही सोबती जमवले. हेच टेंप्लर. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही संन्याशाची तिन्ही व्रते त्यांनी घेतली, मात्र शस्त्र खाली ठेवले नाही. आपल्याकडील शस्त्रधारी गोसाव्यांची येथे आठवण होईल. पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने अनुपगीर गोसाव्याचे लोक मराठ्यांविरुद्ध उभे होतेच. परंतु गोसाव्यांच्या आखाड्यांना पोपसारखा एकच पाठीराखा नव्हता. ११३९ साली पोपने टेंप्लरांना आपल्याखेरीज कोणाचीही सत्ता मानण्याच्या बंधनातून मुक्त केले.

योद्धा व्यक्तिशः निष्कांचन, संघ मात्र गडगंज, असा हा प्रकार होता. भाविकांनी दिलेल्या जमिनी संघाकडे येत. धन्याला पुत्र नसल्याने त्या कधी फुटत नसत. युरोपातील मठात रक्कम भरावी आणि पत्र दाखवून ती पूर्वेकडे उचलावी, अशी हुंडीसारखी सोयही त्यांनी केली. राजेसुद्धा त्यांच्यापाशी खजिना ठेवू लागले, कर्ज काढू लागले. हेच वैभव पुढे त्यांच्या मुळावर आले. १२९१ मध्ये आक्रा पडले आणि ज्या कार्यासाठी संघ जन्मला ते कार्यच संपले. संपत्ती तेवढी उरली. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप हा त्यांचा ऋणको. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याने आपल्या राज्यातील टेंप्लरांना पाखंडाच्या आरोपावरून एकाएकी कैद केले. छळाखाली कबुलीजबाब मिळाले; अशा जबाबांचे मोल किती, हे सांगावयास नको. १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला, आणि १३१४ मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले पॅरिस येथे जिवंत जाळला गेला.

पोर्तुगालच्या दिनिश राजाने अधिक चतुराई दाखवली. त्याने ती मालमत्ता परक्यांच्या हाती जाऊ न देता १३१९ मध्ये पोपच्या संमतीने ‘ख्रिस्तसंघ’ नावाचा नवा संघ उभा केला. जमिनी त्याच होत्या आणि माणसेही बरीचशी तीच. शंभर वर्षांनी राजपुत्र हेन्री या संघाचा कारभारी झाला, आणि संघाचे उत्पन्न आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सफरींत ओतले गेले. जेरुसलेमच्या वाटेसाठी मिळालेल्या दानाने अशा रीतीने हिंदुस्थानची वाट शोधली! पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर दिसणारा तांबडा क्रूस याच संघाचा होय. समुद्रापलीकडील प्रदेशांतील धर्मसत्ताही १४५६ मध्ये पोपने त्यालाच बहाल केली होती. गोव्यातील चर्चवर पोर्तुगीज राजाने सांगितलेल्या हक्काचे मूळ येथे सापडते.

ब्रह्मचर्य मात्र टिकले नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस संघाच्या सरदारांना विवाहाची मोकळीक मिळाली. १५५१ मध्ये संघाचे प्रमुखपद कायमचे राजमुकुटाला जोडले गेले. ज्या दौलतीला वारस नसावा अशी योजना होती, तिला राजाच वारस मिळाला. १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे आलेल्या वसईच्या मुलखात तर याच राजाने लष्करी चाकरीच्या अटीवर गावे पट्ट्याने दिली, आणि ती पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागली. क्रूस मिरवणारे ते जहागीरदारच झाले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा शरण आलेल्या शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले. गावे पेशव्यांकडे आली. चर्चमधील घंटा देवळांसाठी घाटावर गेल्या. त्यांपैकी एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे.